ताटके सर हयात आहेत

"मी वारलो म्हणे," ताटके सर माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले.

"हो सर," मी म्हणालो. "आज पहाटे. झोपेतच."

"त्रास?"

"काही नाही. शांतपणे, असं लिहिलंय."

"मग बरं," सर म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

मी चहात बुडवलेलं बिस्किट एव्हाना चहाचंच झालं होतं. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, ताजी दाढी. गेलेल्या माणसाच्या मानाने सर फारच टापटीप होते. समोर माझ्या स्क्रीनवर, आमच्या पेपरच्या वेबसाइटवर, त्यांचाच फोटो होता, खाली 'मनोहर ताटके सर यांचे दुःखद निधन', आणि त्यावर वरून गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या. पाकळ्यांचं सांगतो पुढे. सगळा घोटाळा त्यांनीच केला.

"अमोघचं काही आलंय का?" सरांनी विचारलं.

मी खालच्या प्रतिक्रिया चाळल्या. भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. सर, तुम्ही मला कॉम्प्युटरमध्ये पास केलंत, कधीच विसरणार नाही. भावपूर्ण श्रद्धांजली.

"नाही सर."

"येईल," सर म्हणाले. "मस्कतचं घड्याळ मागे असतं."

"सर, तुम्ही त्याला नुसता फोन..."

"मी फोन बंद करून ठेवलाय. वारलेल्या माणसाने हॅलो म्हणणं बरं दिसत नाही."

अमोघ हा सरांचा एकुलता एक मुलगा. तो वडिलांशी बोलत नाही हे बोरगिरीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची मस्कतची नोकरी नवी असताना काकू, म्हणजे त्याची आई, आजारी पडल्या. त्याला रजा मिळायची नाही, उगाच जीव टांगणीला लागेल, म्हणून सरांनी त्याला कळवलंच नाही. बरं वाटल्यावर सांगू म्हणाले. काकूंना बरं वाटलं नाही. त्या दिवशीच्या धावपळीत फोन करायचा राहिला आणि तिकडे अमोघने सवयीप्रमाणे आमच्या 'दैनिक प्रातःशंख'ची वेबसाइट उघडली. आईचा फोटो त्याने आधी पाहिला, बातमी मग वाचली. तो आला, दिवस केले, आणि जाताना बापाशी एक शब्द न बोलता गेला. पुढे त्याने सरांचा नंबरही अडवून टाकला.

पण प्रातःशंख वाचायचं त्याने सोडलं नाही. गावात कुणी ओळखीचं गेलं की खाली 'अमोघ, मस्कत' असं नाव हमखास उमटायचं. दोन शब्द, पूर्णविराम. त्यामुळे गावात कुणी मेलं की सरांना मुलाची खुशाली कळायची. एका हिवाळ्यात बोरगिरीत बरेच दिवस कुणीच गेलं नाही, तेव्हा सर वाचनालयात मला म्हणाले होते, "फार दिवस झाले रे, काही कळलं नाही." मला वाटलं राजकारणाचं म्हणताहेत.

तेवढ्यात आतून आमचे संपादक वायचळसाहेब धावत आले. साहेब सहसा धावत नसत. त्यांचं धोतर आणि त्यांची मतं, दोन्ही त्या वेगासाठी नव्हती.

"भोंगळ्या! काढ ते आधी! ताटके सर जिवंत आहेत, मला आत्ता भाजीवाली... नमस्कार सर." साहेब थबकले. "फार वाईट वाटलं. म्हणजे, बरं वाटलं."

"बसा," सर म्हणाले. जणू ऑफिस त्यांचंच.

"सर, शपथेवर सांगतो, हे मी टाकलेलं नाही."

"टाकणाऱ्याचं नाव तुमचं आहे साहेब," मी म्हणालो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बातमीखाली कुणी टाकली ते आपोआप नोंदवलं जायचं. तिथे लिहिलं होतं: द. वायचळ.

"मी चहा पीत होतो! चहा पिता पिता माणूस माणसाला मारतो का?"

"पिता पिताच टाकली आहे. तुमच्याच टेबलावरून."

साहेब माझ्याकडे असं बघायला लागले, जणू झोपेत चालायचा आजार त्यांना मीच लावला होता.

त्यांचा जीव घाबरायला कारण होतं. बोरगिरीत प्रातःशंखच्या निधनवार्तेला जो मान होता तो डॉक्टरच्या कागदाला नव्हता. साहेबांचा नियमच होता: मयताला खांदा दिलेल्या माणसाने स्वतः येऊन सांगितल्याशिवाय बातमी नाही. मंत्र्याचा फोन असो, मुलगा रडत येवो. "खांदा दिलास? नाही ना? मग खांदा दे आणि ये." त्यामुळे आमच्या पानावर आलेला माणूस मेलेलाच असायचा. पंचवीस वर्षांत एकही परत आला नव्हता.

"सर, काढतो लगेच. खाली दिलगिरी टाकतो. पहिल्या पानावर टाकतो. चौकटीत."

"काढू नका," सर म्हणाले.

"अं?"

"उद्या सकाळपर्यंत राहू द्या."

"अहो, पण तुम्ही बसलाय इथे!"

"मी काही बोलत नाही. वायचळ, तुम्ही मला न विचारता मारलंत. मी तक्रार केली तर पोलीस येतील, तुमचा कॉम्प्युटर पोत्यात घालून नेतील. ते मी करत नाही. तुम्ही फक्त मला उद्यापर्यंत मेलेला राहू द्या."

साहेब खुर्चीत बसले. असा सौदा त्यांच्याशी कुणी केला नव्हता. "आणि पाकळ्या?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"त्याही असू द्या."

आता पाकळ्यांचं.

आमची वेबसाइट एका तयार सॉफ्टवेअरवर चालायची. बातमी लिहा, फोटो चिकटवा, बटण दाबा. त्या सॉफ्टवेअरला एक चांगली सवय होती. वाचकाने प्रतिक्रियेच्या चौकटीत काहीही लिहिलं तरी ते गाळून घ्यायचं, त्याला नुसती अक्षरं समजायचं. मग माजी सभापतींच्या मातोश्री वारल्या. त्यांच्या पुतण्याने कुठून तरी पाकळ्या पाडायचा कोड उचलला आणि श्रद्धांजलीच्या चौकटीत ओतला. सॉफ्टवेअरने तो जसाच्या तसा दाखवला. मातोश्रींच्या फोटोखाली कंस, बाण आणि तुटकं इंग्रजी. गावाला वाटलं कुणी तरी इंग्रजीत शिव्या दिल्या. सभापती स्वतः येऊन गेले.

"फुलं चालू कर," साहेब मला म्हणाले होते.

"साहेब, त्यासाठी गाळणी काढावी लागेल. भोक पडेल."

"फुलांनी कधी भोक पडतं का?"

"आज फुलं येतील, उद्या दुसरं काही येईल. चौकटीत लिहिलेलं हुकूम म्हणून चालायला लागेल. वाचणाऱ्याच्या ब्राउझरला कळत नाही हे आपण लिहिलंय की भामट्याने. प्रातःशंखच्या पानावर आहे ना, मग प्रातःशंखचंच, असं धरून तो निमूट करत सुटतो."

"वाचकही तसंच धरतात," साहेब म्हणाले. "त्यालाच विश्वासार्हता म्हणतात. काढ गाळणी."

काढली. गाव आनंदलं. पाकळ्या पडायला लागल्या, समया तेवायला लागल्या, 'भावपूर्ण श्रद्धांजली' ही अक्षरं एस.टी. स्टँडवरच्या पाटीसारखी उजवीकडून डावीकडे पळायला लागली. एकाने चुकून वाढदिवसाचा केक टाकला, त्यावरच्या मेणबत्त्या विझायच्या आणि पुन्हा पेटायच्या. आणि रोज सकाळी चहाबरोबर वायचळसाहेब ती प्रत्येक श्रद्धांजली स्वतः उघडून वाचायचे, स्वतःच्या लॉगिनमधून. कुणाचं नाव कुणाच्या वर आलं यावरून आमच्याकडे भावकी फुटते.

म्हणजे भामट्याला साहेबांच्या टेबलापर्यंत यायचीही गरज नव्हती. त्याने चिठ्ठी चौकटीत ठेवायची आणि साहेब चहा घेऊन यायची वाट बघायची. साहेब पान उघडणार, चिठ्ठीतलं काम साहेबांच्याच अधिकाराने होणार, आणि साहेब बिस्किट उचलणार.

दुपारी शाळेतून फोन आला. ताटके सरांनी तिथे तीस वर्षं शिकवलं होतं, आधी गणित आणि मग कॉम्प्युटर. शोकसभा ठेवलीय, प्रातःशंखने बातमी घ्यावी, असं मुख्याध्यापक गव्हाणकर म्हणाले.

"चल," सर उठले. "बघून येऊ."

"सर, तुम्ही?"

"माझीच आहे ना?"

स्कूटरवर सर मागे बसले, खांद्यावर हात ठेवून. वाटेत दुधाच्या डेअरीवर थांबायला लावलं. दूधवाल्याने सकाळी पिशवी टाकली नव्हती. डेअरीच्या पोराने पैसे घेतले, पिशवी दिली, मग सरांचं तोंड पाहिलं आणि तो सावकाश फ्रीजच्या मागे गेला.

"वाचनालयातही गेलो होतो सकाळी," सर मागून म्हणाले. "मी मागितलेलं पुस्तक पुढच्या सभासदाला दिलं. ग्रंथपाल म्हणाला, आता तुम्हाला काय घाई."

"त्याला दिसत नाही का तुम्ही समोर उभे आहात?"

"दिसतं रे. पण प्रातःशंखमध्ये आलंय ना."

शाळेच्या मैदानावर पोरं रांगेत उभी होती. सरांचा फोटो खुर्चीवर, खुर्चीला हार. आम्ही फाटकातून आत शिरलो आणि त्याच क्षणी गव्हाणकरांनी माइकवर सांगितलं, "आता दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू."

सर चालतच होते. गव्हाणकरांनी त्यांना पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला, पण तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकदाही स्तब्धता मोडू दिली नव्हती. त्यांनी डोळे वटारून, तळहात खाली दाबून सरांना खूण केली: थांबा.

सर थांबले. हातात दुधाची पिशवी, मान खाली. स्वतःसाठी ते शिस्तीत उभे राहिले. पहिल्या रांगेतली एक मुलगी फोटोकडे पाहायची, मग सरांकडे, मग पुन्हा फोटोकडे. रडावं की हसावं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी ती रडली.

"ओम शांती," गव्हाणकर म्हणाले आणि धावत आमच्याकडे आले. "सर! हा काय प्रकार आहे?"

"उद्यापर्यंत आहे," सर म्हणाले. "शाळा सोडून द्या अर्धा दिवस. पोरं खूश होतील."

शाळा सोडली. पोरं खूश झाली.

परत आल्यावर सर माझ्या शेजारी बसून पान ताजं करत राहिले. नवीन नावं येत होती. सर प्रत्येक नाव वाचायचे आणि मान हलवायचे. "हा कोण?" "हा जिवंत आहे अजून?" "ह्याने माझी सायकल चोरली होती." मस्कत काही येत नव्हतं.

मी दुसऱ्या बाजूने भोक शोधत होतो. फार शोधावं लागलं नाही. आदल्या दिवशी किराणा व्यापारी चंपालालजी गेले होते. त्यांच्या पानावर एका वाचकाने पाकळ्या टाकल्या होत्या, आणि पाकळ्यांच्या कोडच्या पोटात दुसरा कोड होता. मी तो उघडला.

सरळ ओळी. प्रत्येक ओळ नीट आत सरकवलेली. आणि नावं: साखर, मीठ, हळद, मोहरी.

आठवीत सर फळ्यावर स्टीलचे डबे काढायचे. "व्हेरिएबल म्हणजे डबा. डब्यावर नाव लिहा, नाहीतर साखर समजून चहात मीठ घालाल." आख्ख्या तालुक्यात एवढा टापटीप कोड लिहिणारा दुसरा माणूस नव्हता. आणि आख्ख्या जगात मोहरीत तारीख ठेवणारा तर नव्हताच.

साहेब आत फोनवर कुणाला तरी समजावत होते की आपण झोपेत चालत नाही. मी आवाज खाली केला.

"सर, साखरेच्या डब्यात वायचळसाहेबांचा अधिकार कशाला ठेवलात?"

सरांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही. "मोहरी बरोबर आली ना? तारखेत मला जरा शंका होती."

"सर, हा गुन्हा आहे."

"कुणाचा? मी तर हयातच नाही." मग म्हणाले, "सरळ मार्गाने गेलो होतो रे. वायचळला म्हटलं, माझी बातमी छाप. तो म्हणाला, खांदा कुणी दिला?"

"केव्हा?"

"गेल्या महिन्यात. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. म्हणून शिकलो. तुमच्या सॉफ्टवेअरची सगळी भोकं लिहून ठेवलेली असतात इंटरनेटवर, ठाऊक आहे तुला? कोणतं कुठे आहे, कसं बुजवायचं. बुजवायचं वाचलं की पाडायचं आपोआप कळतं." ते जरा खुलले. "बासष्टाव्या वर्षी. पहिल्या फटक्यात चाललं."

"आणि अमोघने नाहीच लिहिलं तर?"

"सगळ्यांना लिहितो तो. चंपालालजींना लिहिलं. सायकलवाल्या बापूला लिहिलं. मला दोन शब्द लिहील. मग मी खाली लिहीन, मी आहे. तो तिथे, मी तिथे. एकाच पानावर."

ऑफिस बंद करायची वेळ झाली तरी मस्कत आलं नाही. जाताना सरांनी दुधाची पिशवी उचलली. ती नासली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला सरांच्या घरी पाठवलं. "सांग त्यांना, मुदत संपली. मी ह्यापुढे मेलेल्या माणसाला सांभाळू शकत नाही."

सर प्राध्यापक कॉलनीत राहायचे. फाटकापाशी त्यांना निरोप सांगतच होतो, तेवढ्यात एक टॅक्सी वळणावरून आली. धुळीने माखलेली, मुंबईच्या नंबरची. मागचं दार उघडलं आणि अमोघ उतरला.

आधी मी त्याला ओळखलंच नाही. त्याचं डोकं पूर्ण भादरलेलं होतं. नवी कातडी, कानाच्या मागे वस्तऱ्याचा एक लाल ओरखडा.

सर फाटकाच्या आत उभे होते. अमोघ फाटकाच्या बाहेर. मध्ये मी. एवढं तोंड असूनही मला एक विनोद सुचला नाही.

"तुम्ही..." अमोघ म्हणाला.

"ये," सर म्हणाले. "ये ना. हे काय केलंस डोक्याचं?"

अमोघने हात डोक्यावर नेला, तिथे काही नाही हे पुन्हा एकदा त्याला कळलं. "मस्कतलाच केलं. तिथला न्हावी केरळचा होता. विचारत होता, स्टाइल म्हणून का? म्हटलं, नाही, वडील गेले. त्याने पैसे घेतले नाहीत."

टॅक्सीवाला काचेतून आमच्याकडे बघत होता. त्यालाही बहुधा रस्ताभर सांगितलं असणार.

"मी पुण्याच्या सुभाषदादाला फोन केला," अमोघ म्हणाला. "तो म्हणाला, खरं आहे, मी वाचलं. मला वाटलं तो येऊन गेला. त्याने पण पानावरच वाचलं होतं का?"

"आत तरी ये. चहा टाकतो."

"कुणी केलं हे?"

मी तोंड उघडलं. हॅकर म्हणणार होतो. परदेशी हॅकर, असंही म्हणणार होतो. गावाने दोन वर्षं त्यावर विश्वास ठेवला असता.

"मीच," सर म्हणाले.

आणि मग त्यांनी जे केलं ते फक्त ताटके सरच करू शकत होते. ते समजावून सांगायला लागले. वर्गात उभे असल्यासारखे, बोटाने हवेत डबे काढत. श्रद्धांजलीची चौकट, गाळणी नाही, वायचळचा चहा, साखरेत अधिकार, हळदीत फोटो. मुलाला आवडेल असं त्यांना वाटत होतं. अमोघ स्वतः सॉफ्टवेअरमध्ये होता, कुणी नीट काम केलं तर त्याला कळायचं. सरांच्या डोळ्यांत ती चमक होती जी मी आठवीनंतर पाहिली नव्हती.

अमोघने सगळं ऐकून घेतलं. एकदाही अडवलं नाही. सर मोहरीपाशी आले आणि थांबले.

"आईच्या वेळी तुमच्याकडे फोन होता," अमोघ म्हणाला.

सरांचं हवेतलं बोट खाली आलं.

"आईचं तुम्ही उशिरा सांगितलंत. स्वतःचं लवकर सांगितलंत. बाबा, एकदा तरी वेळेवर सांगा."

तो वळला. टॅक्सीवाल्याने इंजिन बंदच केलं नव्हतं. अमोघ बसला तेव्हा टॅक्सीवाल्याने स्वतःची टोपी काढून मागे दिली आणि अमोघने ती घातली. एवढंच मला दिसलं.

सर बराच वेळ फाटकाला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "आला तरी."

"हो सर."

"काल एवढा वेळ बसलो पानापाशी. तो विमानात होता आणि मी पानापाशी." त्यांनी खिशातून मोबाईल काढला. "आता करायला हरकत नाही सुरू."

सुरू केला. पहिल्यांदा कंपनीचं गाणं वाजलं. मग टिंग वाजलं. मग पुन्हा. मग ते थांबेचना. सरांनी चष्मा वर केला आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. फोन बंद असताना आलेले कॉल. खाली खाली सरकत जाणारे, आणि सगळे एकाच नंबरचे. मस्कतचा नंबर.

"हा लावत होता?" सर म्हणाले.

मी मान हलवली.

"काल?"

"काल सकाळपासून, सर."

त्यांनी उलटा फोन लावला. लागला नाही. नंबर अजून अडवलेला होता की नव्याने अडवला होता, ते कळायला मार्ग नव्हता.

मी ऑफिसात जाऊन बातमी काढली आणि गाळणी परत बसवली. भोक बुजलं. पाकळ्या थांबल्या, समया विझल्या, पळणारी अक्षरं जागेवर उभी राहिली. साहेबांनी पहिल्या पानावर चौकट टाकली: 'ताटके सर हयात आहेत'. खाली सवयीने बाराएक जणांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं.

पुढच्या हिवाळ्यात सर वाचनालयात वारले. खिडकीजवळच्या खुर्चीत, हातात पेपर. सगळ्यांना वाटलं वाचताहेत. ग्रंथपालाने बंद करायच्या वेळी हाक मारली, मग खांद्याला हात लावला.

मी खांदा दिला. साहेबांनीही दिला, धोतर सावरत. चौथ्या माणसासाठी थांबावं लागलं, कारण ज्याला ज्याला निरोप गेला तो म्हणत होता, नक्की का? अग्नी साहेबांनीच दिला; खांदा दिल्याशिवाय अमोघला कळवून उपयोग नाही, तो विश्वास ठेवणार नाही, असं ते म्हणाले. स्मशानातून आम्ही सरळ ऑफिसात आलो, आणि नियमाप्रमाणे, खांदा दिलेल्या माणसाने, म्हणजे मी, बातमी टाकली.

कुणी काही लिहिलं नाही. पान मोकळंच राहिलं. दूधवाला पिशव्या टाकत राहिला. दाराशी पिशव्यांची रांग लागली. गव्हाणकरांना फोन केला तर म्हणाले, "ह्या वेळी जरा थांबून बघू."

मग मी सरांच्या मोबाईलमधला नंबर पाहून अमोघला फोन लावला. साहेब समोर बसले होते.

"मी प्रातःशंखमधून भोंगळे बोलतोय. सर गेले."

"तुम्ही तेच ना, फाटकापाशी होता?"

"हो."

"ते बसलेत का शेजारी?"

"नाही हो. मी खांदा दिलाय."

"त्यांना द्या फोन."

"देता येत नाही."

"हेच म्हणायला सांगितलं असेल."

"फोटो पाठवू?"

"बाबांना फोटोही करता येतो. हळदीच्या डब्यात."

"अमोघ, आता तसं काही करता येत नाही. ते भोक मी स्वतः बुजवलंय."

"बातमी टाकणाऱ्याचं नाव बघितलं मी," तो म्हणाला. "तुमचं आहे. मागच्या वेळी वायचळांचं होतं." आणि त्याने फोन ठेवला. नगरपालिकेचा शिक्क्याचा दाखला त्याच्या हातात पडेपर्यंत पुढे बरेच दिवस गेले.

पण त्याच संध्याकाळी त्या पानासाठी एक प्रतिक्रिया आली. गाळणीबरोबर मी मंजुरीही लावली होती, त्यामुळे आता सगळं आधी साहेबांकडे यायचं, त्यांनी मंजूर केलं तरच पानावर दिसायचं. साहेबांनी ती उघडली. पाकळ्या नाहीत, समई नाही, पोटात दुसरं काही लपवलेलं नाही. साधी अक्षरं.

'अमोघ, मस्कत: बाबा, ह्या वेळी मी डोकं करणार नाही. तुमचा नंबर मोकळा केलाय. फोन करा. उचलीन.'

साहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला.

"मंजूर करू का?" मी विचारलं.

"थांब," साहेब म्हणाले.

पुढे काही वर्षांनी साहेबही गेले, प्रातःशंख बंद पडला, मीही पुण्याला आलो. सर्व्हरचं भाडं मात्र मी अजून भरतो. ती प्रतिक्रिया अजून मंजुरीत थांबलेली आहे.